मास्तर नेमावा कसा आणि राहावा कशानें?

शाळा उघडल्या कीं शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, चंदगड या डोंगरी तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर दोन प्रश्न हमखास कानीं येतात. नवे मास्तर कोठले? आणि ते किती दिवस राहणार? पहिला प्रश्न कुतूहलाचा आहे, दुसरा अनुभवाचा. ज्या वस्तीच्या शाळेवर दोनच शिक्षक, तेथें त्यांपैकीं एक बदलून गेला म्हणजे चार इयत्ता एकाच्या गळ्यांत पडतात; आणि तो दुसराही जाण्याच्या खटपटीस लागला म्हणजे मुलांचें तें वर्ष गेलेंच म्हणून समजावें. खेडूत हें सारें पाहत असतो. बोलत नाहीं, एवढेंच.

नोकर कोणत्या रीतीनें निवडला असतां चांगलें काम करतो व टिकून राहतो, हा प्रश्न आज मोठमोठे कारखाने, बँका व कंपन्या यांस पडलेला आहे, आणि त्याचा विचार करण्यासाठीं त्यांनीं पगारी शास्त्री ठेवलेले आहेत. आमच्या बहुजन समाजाचा ज्या सरकारी नोकरांशीं संबंध येतो त्यांत शाळामास्तर हा सर्वांत जवळचा. तलाठ्याच्या चुकीनें सातबारा बिघडतो, तो अर्ज करून दुरुस्त होतो. मास्तराच्या हातून बिघडलेलें पोर दुरुस्त करण्याची कचेरी अजून निघालेली नाहीं. म्हणून हा प्रश्न कंपन्यांवर सोपवून न देतां आम्ही तो शाळेच्या ओसरीवर आणून मांडीत आहों.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, नोकर ज्या दारानें आंत येतो त्या दाराकडे त्याचें तोंड राहतें. वतनानें आलेला आपल्या घराण्याकडे पाहतो, वशिल्यानें आलेला वशिलेवाल्याकडे पाहतो, पैसे मोजून आलेला ते पैसे वसूल होण्याकडे पाहतो, आणि नुसत्या गुणांच्या यादीवरून अनोळखी मुलखांत येऊन पडलेला आपल्या गांवाच्या वाटेकडे पाहतो. मुलांकडे पाहणारा मास्तर हवा असेल तर दारच तसें बांधलें पाहिजे. तसें दार आमच्या या करवीरांत व शेजारच्या साताऱ्यांत एकदां बांधलें गेलें होतें, म्हणून हा लेखनप्रपंच.

टिकण्याचाच विचार करावयाचा तर कुलकर्ण्याइतका टिकाऊ नोकर या महाराष्ट्रांत दुसरा झाला नाहीं. बापामागें मुलगा, मुलामागें नातू. राज्यें बुडालीं, झेंडे बदलले, परंतु दप्तर त्या घरांतून हाललें नाहीं. पण त्या टिकण्याचा रयतेस लाभ काय झाला? ज्यास काढतां येत नाहीं आणि ज्याच्या जागीं दुसरा बसवितां येत नाहीं, त्यानें रयतेची भीड धरण्याचें कारणच नव्हतें. अक्षर त्याच्या हातांत, हिशेब त्याच्या हातांत, आणि अंगठा तेवढा कुणब्याचा. तेव्हां 'नोकर टिकला' एवढ्यावर कोणी हुरळून जाऊं नये. कोणाच्या कामासाठीं टिकला, हें आधीं विचारावें.

कचेऱ्यांची गोष्ट थोडी निराळी, पण मुळांत तीच. सन १८९४ सालीं छत्रपति शाहू महाराजांनीं राज्याचीं सूत्रें हातीं घेतलीं त्या वेळीं दरबारच्या सर्वसाधारण कारभारांत ७१ अधिकारी होते. त्यांपैकीं ६० ब्राह्मण, आणि बाकीच्या सर्व जातींचे मिळून ११. हे साठ जण कोणी एका दिवशीं कट करून आणून बसविले नव्हते. एक कारकून रिकाम्या जागेची बातमी आपल्या भाच्यास सांगतो, भाचा मेहुण्यास सांगतो. अर्ज लिहून देणारा आपला, वाचणारा आपला, आणि मुलगा चांगल्या घरचा आहे असें सांगणाराही आपलाच. ओळखीनें आलेला नोकर इतरांपेक्षां अधिक काळ टिकतो असें या शास्त्राचे अलीकडचे अभ्यासकही सांगतात, आणि त्यांत नवल नाहीं. नोकरींत काय वाढून ठेवलें आहे हें त्यास घरींच कळलेलें असतें, आणि कामांत चुकला तर सांभाळून घेणारा मामा तेथें बसलेला असतो. परंतु ज्या देशांत ओळख जातीबाहेर जात नाहीं त्या देशांत ओळखीची भरती म्हणजे जातीची भरती. मग ती पूर्वीं ब्राह्मणांनीं केली काय आणि आज आमच्यांतल्या एखाद्या पुढाऱ्यानें भावकीसाठीं केली काय, आम्हांस दोन्ही सारख्याच.

शाळामास्तराच्या निवडीचा प्रश्न या दृष्टीनें स्पष्टपणें मांडला तो महात्मा जोतीराव फुले यांनीं. सन १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं जें निवेदन दिलें तें आमच्या प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्यानें वर्षांतून एकदां वाचावें. सोंवळ्याच्या समजुतीनें लोकांपासून अलग राहणाऱ्या शिक्षकाऐवजीं होतां होईल तों शेतकरी वर्गांतूनच शिक्षक तयार करावेत, म्हणजे ते लोकांत मोकळेपणानें मिसळतील व त्यांच्या गरजा ओळखतील. वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचें हत्यार हातीं धरतां येईल अशीं तीं माणसें असावींत. त्यांस शिकवितांना नेहमींच्या विषयांबरोबर शेती व आरोग्य यांचें ज्ञान द्यावें. पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गांवीं निदान पंधरा ते वीस असावा. गांवचे हिशेब तपासणें, दस्तऐवजांची नोंद, टपाल असलीं कामें सोपवून गांवांत त्यांचा मान वाढवावा, आणि ज्याचीं मुलें अधिक संख्येनें पास होतील त्यास पगाराशिवाय कांहीं जास्त द्यावें. असा तो सारा आराखडा आहे. कोणांतून निवडावा, काय शिकवून तयार करावा, काय द्यावें आणि गांवाशीं कसा जोडावा, या चारी गोष्टी जोतीरावांनीं एका सुतांत ओंवल्या. आज त्या चार निरनिराळ्या टेबलांवर असतात, आणि एका टेबलास दुसऱ्याची खबर नसते.

जोतीरावांचें म्हणणें कमिशननें ऐकून घेतलें. त्या वाटेनें प्रत्यक्ष चालून दाखविलें तें शाहू महाराजांनीं, आणि तेंही एका झटक्यांत नव्हे. आमच्या सभांतून १९०२ च्या हुकमाचा जयजयकार होतो तो योग्यच आहे; पण त्या हुकमाच्या आगेंमागें महाराजांनीं काय काय केलें हें सांगणारे वक्ते थोडे. १८९५ सालीं त्यांनीं भास्करराव जाधवांसारखा हुशार पदवीधर आपल्या नोकरींत आणला. असे आणखी हवेत तर ते येणार कोठून? म्हणून १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें, त्याच सुमारास जैनांचें बोर्डिंग निघालें, आणि मग २६ जुलै १९०२ रोजीं, महाराज विलायतेंत असतां, करवीर सरकारच्या गॅझेटांत तो हुकूम प्रसिद्ध झाला. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. ज्या कचेरींत हें प्रमाण त्याहून कमी असेल तेथें पुढची नेमणूक मागासलेल्यांतूनच करावी. आणि प्रत्येक खात्याच्या मुख्यानें दर तिमाहीस नेमणुकांचा तक्ता पाठवावा. आम्हांस या हुकमांत सर्वांत अधिक मोल या तिमाही तक्त्याचें वाटतें. हुकूम काढणारे राजे पुष्कळ झाले. दर तीन महिन्यांनीं हिशेब मागणारा विरळा. पुढें मुसलमानांचें बोर्डिंग झालें, १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग झालें. १९१२ सालीं पाहावें तों अधिकारी ९५ आणि त्यांपैकीं ब्राह्मण ३५.

नालायकांची भरती होऊन कारभार बुडेल अशी ओरड तेव्हां झालीच. अभ्यंकर वकील आणि पागेंतले घोडे ही गोष्ट आमच्या वाचकांस इतक्या वेळां ऐकविली गेली आहे कीं ती पुन्हां सांगून आम्ही त्यांचा अंत पाहत नाहीं. कामावरूनच बोलूं. भास्करराव पंचवीसएक वर्षें करवीरच्या सेवेंत राहिले, आणि त्यानंतर १९२३ सालीं मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. १९१८ सालीं कुलकर्णी वतन गेलें व पगारी तलाठी आले. महार समाजांतील तरुणही त्या जागीं बसले, आणि दप्तर कांहीं रस्त्यावर पडलें नाहीं. सक्तीच्या मोफत शिक्षणाच्या शाळा १९१७-१८ सालीं २७ होत्या व त्यांत १,२९६ मुलें होतीं. १९२१-२२ सालीं शाळा ४२० आणि मुलें २२,००७ झालीं. एवढ्या शाळांवर बसविण्यास माणसें लागलीं. बोर्डिंगें पंधरा-वीस वर्षें आधीं निघालीं नसतीं तर असा हुकूम १९१७ सालीं काढूनही बहुजन समाजांतला लिहितावाचता माणूस किती शाळांना मिळाला असता, याचा विचार वाचकांनींच करावा. राखीव जागेचें दार महाराजांनीं उघडलें हें सर्वांस दिसतें. त्या दारापर्यंत येणारी वाट त्यांनीं आधीं बांधली, हें विसरलें जातें.

करवीरचें हें बीं साताऱ्यांत रुजविलें कर्मवीर भाऊराव पाटलांनीं. कुंभोजचा हा माणूस, कोल्हापुरांत शिकलेला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कराड तालुक्यांतील काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ सालीं ती साताऱ्यास नेली, आणि १९३५ सालीं मास्तर तयार करण्यासाठीं सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज उघडलें. त्यांच्या बोर्डिंगांत सर्व जातींचीं मुलें एका पंगतीस जेवत, हातांनीं कष्ट करीत आणि शिकत. ज्या खेड्यांत सरकारी शाळा नव्हती तेथें संस्थेनें व्हॉलंटरी शाळा काढल्या, त्यांची संख्या पांचशेंच्या वर गेली. असल्या शाळांवर जाण्यास आपल्याच पंगतींत वाढलेला माणूस संस्थेजवळ होता. शिकत असतां ज्यानें घमेलें उचललें आणि कण्या खाल्ल्या त्यास डोंगरावरची शाळा शिक्षेसारखी कां वाटावी? तो तसल्याच गांवांतून आलेला होता. कर्मवीरांनीं मास्तर निवडले असें म्हणण्यापेक्षां मास्तर वाढविले असें म्हणणें अधिक बरोबर होईल. कोण पहाटे उठतो, कोण लहान मुलांस सांभाळून घेतो, कोण आपल्या जातीची भाकरी वेगळी बांधून ठेवतो, हें अण्णांस वर्षानुवर्षें डोळ्यांनीं दिसत होतें. दोन तासांच्या परीक्षेंत हें दिसत नाहीं.

परदेशांतील पंडितही आपल्या पद्धतीनें याच जागीं येऊन पोंचले आहेत. श्मिट व हंटर या अमेरिकन प्राध्यापकांनीं १९९८ सालीं पंचाऐंशी वर्षांचें संशोधन एकत्र करून पाहिलें. प्रत्यक्ष काम करून दाखविणें, बुद्धिमापनाची परीक्षा, आणि सर्वांस तेच प्रश्न विचारून गुण देणारी बांधीव मुलाखत यांवरून नोकर पुढें कसा निघेल याचा अंदाज चांगला येतो. अनुभवाच्या नुसत्या वर्षांवरून फारसा येत नाहीं, आणि हस्ताक्षरावरून तर जवळजवळ येतच नाहीं, असें त्यांस दिसलें. २०२२ सालीं सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेंच गणित पुन्हां मांडलें, तेव्हां बुद्धिमापनाचें मोल पूर्वींपेक्षां बरेंच कमी भरलें आणि बांधीव मुलाखत वर आली. टिकण्याविषयीं जॉन वॅनस यांनीं टेलिफोनवर काम करणाऱ्या मुलींवर केलेला एक प्रयोग १९७३ सालीं प्रसिद्ध झाला. नोकरीची रुक्ष बाजूही ज्यांस आधींच दाखविली त्यांच्या अपेक्षा वाजवी राहिल्या आणि सोडून जाण्याचा विचार त्यांच्या मनांत कमी आला. आमच्या बायाबापड्यांस यासाठीं प्रयोगाची गरज नव्हती. लग्न जुळवितांना मध्यस्थानें पाण्याची विहीर दोन कोसांवर आहे हें लपविलें, तर सून पहिल्याच उन्हाळ्यांत माहेरीं येते.

आतां आमच्या शिक्षकभरतीचें पाहूं. जुन्या काळीं व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला मुलगा आधीं बिनट्रेनिंगचा मास्तर म्हणून शाळेवर लागे. मुलें सांभाळतां येतात कीं नाहीं हें तेथें दिसे. मग तो ट्रेनिंग कॉलेजांत जाऊन येई. त्या पद्धतींत दोष पुष्कळ होते. पण कामाची ओळख आधीं आणि पक्की नेमणूक मागून, हा क्रम शहाणपणाचा होता. पुढें १९६२ सालीं जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळांची भरती त्यांच्याकडे गेली.

खाजगी संस्थांच्या शाळांत मात्र जागेची बोली सुरू झाली, आणि येथें आम्ही आमच्याच लोकांस दोष देतों. ज्या संस्था बहुजनांच्या वर्गणीवर आणि मुठीमुठीनें जमविलेल्या धान्यावर उभ्या राहिल्या, त्यांतल्या कित्येकांचे चालक देणगीच्या नांवाखालीं मास्तराची जागा विकूं लागले. सत्यशोधकांच्या तसबिरीखालीं बसून हा सौदा होतो. बापानें जमिनीचा तुकडा विकून मुलास मास्तर करावा, आणि मुलानें जन्मभर त्या तुकड्याची भरपाई शोधावी. असा मास्तर टिकतो हें खरें आहे. कुलकर्ण्यासारखाच टिकतो.

सरकारनें काय केलें? सन २००० मध्यें शिक्षणसेवक योजना आणली: पहिलीं तीन वर्षें काम मास्तराचें, आणि मानधन दरमहा ३,००० रुपये. पुढें तें ६,००० झालें आणि वर्षानुवर्षें तेथेंच रुतून बसलें. १ जानेवारी २०२३ पासून तें १६,००० झालें. मे २०१२ मध्यें भरतीच बंद केली. डी.एड. करून बसलेलीं पोरें कोणी उसाच्या टोळीवर, कोणी दुकानांत, कोणी शिकवणींत वयें घालवूं लागलीं. २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा आली, २०१७ सालीं अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि 'पवित्र' नांवाचें पोर्टल आलें. त्यावरून पहिल्या नेमणुका झाल्या २०१९ सालीं. चाचणी पुन्हां झाली २०२३ सालीं आणि नेमणुका २०२४ सालीं. मध्यंतरीं पात्रता परीक्षेंतही पैशानें गुण वाढविल्याचें २०२१ सालीं उघडकीस आलें, आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवार त्यापायीं अपात्र ठरले.

एवढें असूनही 'पवित्र'ची आम्ही बाजू घेतों. ज्या पोराजवळ ना मामा ना मळा, तें आज केवळ गुणांवर व आपल्या आरक्षणाच्या हक्कावर जिल्हा परिषदेच्या शाळेंत मास्तर होतें. हें दार बंद करून पुन्हां संस्थाचालकांच्या ओसरीवर रांगा लावा, असें कोणी म्हणेल तर त्याच्याशीं आमचें वैर आहे. परंतु दार चांगलें असलें तरी आंत पाय ठेवतांना काय पारखलें जातें तें पाहावें. संगणकापुढें दोन तास, २०० गुण. पैकीं १२० अभियोग्यतेचे व ८० बुद्धिमत्तेचे. जिल्हा परिषदेच्या शाळेवर येणारा मास्तर नेमणुकीपूर्वीं एकदांही मुलांपुढें उभा राहून कोणास दाखवीत नाहीं कीं त्यास पहिलीच्या पोराला 'क' गिरवायला लावतां येतो. धोबी नेमतांना आपण एक धोतर धुवून पाहतों. येथें तेवढेंही नाहीं.

आणि मग यादी लागते. नांदेडचा मुलगा रत्नागिरीस, बीडची मुलगी पालघरास. गेल्या कांहीं वर्षांत कोंकणांतले डी.एड. झालेले तरुण, स्थानिकांस आधीं घ्या म्हणून उपोषणास बसले, कारण बाहेरून आलेले शिक्षक आंतरजिल्हा बदलीनें आपल्या मुलखास जातात आणि शाळा पुन्हां रिकामी होते. त्यांची तक्रार खरी आहे. पण बीडच्या पोरास परका म्हणून हांकून देण्याच्या गोष्टीस आमची संमति नाहीं. त्याच्या जिल्ह्यांत जागा नाहींत, घरीं जिराईत जमीन, बाप टोळीबरोबर आमच्याच साखरपट्ट्यांत ऊस तोडावयास येतो. तो शिकला, पास झाला, दूर आला. त्याचा गुन्हा काय? १६,००० रुपयांत परक्या गांवीं खोलीचें भाडें, घरच्यांस पाठवावयाचे पैसे, आणि आईबाप आजारी पडले तर रात्रभराचा प्रवास. तो जाण्याची खटपट करतो तें शाळेवर राग म्हणून नव्हे. त्यास कोणीं कधीं सांगितलेंच नाहीं कीं ती शाळा कोठें आहे, तेथें एस.टी. कितीदां जाते, राहावयास खोली आहे कीं नाहीं, मुलें घरीं कोणती बोली बोलतात. यादींत गांवाचें नांव म्हणजे नुसतें एक अक्षर.

कित्येक म्हणतात, बदलीच बंद करा. कडी लावून माणूस शाळेंत राहील. पण त्याचें मन सुटीच्या दिवसांवर बसेल, आणि नुकसान व्हावयाचें तें मुलांचेंच होईल. दुसरे म्हणतात, कंत्राटी घ्या. जुलै २०२३ मध्यें निवृत्त शिक्षकांस २०,००० रुपयांवर तात्पुरतें घेण्याचा निर्णय निघाला. सप्टेंबरांत नऊ कंपन्यांमार्फत सरकारी खात्यांत माणसें पुरविण्याचा ठराव निघाला आणि गवगवा होऊन ऑक्टोबरांत तो मागें घ्यावा लागला. कंत्राटांत ना १९०२ चा हुकूम लागू होतो, ना कोणाचें नांव गांवास कळतें. ज्यानें माणूस पुरविला त्याचें कमिशन तेवढें नियमित पोंचतें. असल्या भरतींत चांगलें काम कोणी केलेंच तर तें त्या माणसाचें भलेपण समजावें. पद्धतीनें त्यास मदत केली नाहीं.

मग करावें काय? परीक्षा राज्याचीच असावी, यादीही राज्याचीच असावी. पण यादींतून नेमणूक देण्यापूर्वीं उमेदवारानें जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेंत अर्धा तास खरा पाठ घ्यावा, सर्वांस तोच विषय, तीच इयत्ता. पाहणारे तिघे असावेत, त्यांत एक शिक्षिका व एक दुसऱ्या जिल्ह्यांतला. गुण त्याच दिवशीं फळ्यावर लागावेत. यांत वशिला घुसेल ही धास्ती आम्हांसही आहे, कारण तोंडी परीक्षेंत बहुजनांच्या पोराचा गळा कसा कापला जातो हें आमच्या चळवळीस कोणी शिकवावयास नको. म्हणून या पाठाचे गुण एकूण गुणांच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावेत आणि पाठाचें चित्रण जपून ठेवावें. आतां प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे. तेवढा खर्च सरकारास झेपेल.

पसंती भरून घेण्यापूर्वीं प्रत्येक रिकाम्या शाळेची खरी माहिती उमेदवारांपुढें ठेवावी, चांगली व वाईट दोन्ही. अवघड क्षेत्रांतील शाळेशेजारीं मास्तरास राहण्याजोगी खोली असावी. मुदत आधीं सांगावी, आणि ती पुरी करणाऱ्यास पुढची जागा निवडण्याचा हक्क न झगडतां मिळावा. पहिल्या दिवसापासून पुरा पगार द्यावा. उमेदवारीचा काळ हवा तर ठेवावा, पण पारखणें वेगळें आणि उपाशी ठेवणें वेगळें. आणि धनगरवाड्यांतून, डोंगरवस्त्यांतून दरवर्षीं थोडीं तरी मुलेंमुली हेरून, त्यांस बारावीपासून शिष्यवृत्ति देऊन मास्तर होईपर्यंत सांभाळावें. शाहू महाराजांनीं व अण्णांनीं केलें तें हेंच होतें. याचें फळ दहा वर्षांनीं दिसतें आणि निवडणूक पांच वर्षांनीं येते, म्हणून तें मागें पडतें, हें आम्ही जाणतों.

तिमाही तक्ता मात्र याच वर्षीं सुरू करतां येईल, त्यास पैसा लागत नाहीं. किती जागा भरल्या याच्या मोठमोठ्या जाहिराती आम्हीं वाचल्या. कोणत्या पद्धतीनें आलेला शिक्षक कोणत्या शाळेंत किती वर्षें राहिला, कां गेला, आणि तो असतां मुलें वाचावयास शिकलीं कीं नाहीं, याचा तक्ता जिल्हा परिषदेनें फळ्यावर लावलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. १९०२ सालीं जें एका संस्थानास टांकानें लिहून करतां येत होतें तें आज एवढ्या संगणकांस जड जाऊं नये.

शाळेच्या खऱ्या माहितीसाठीं गांवानें कोणाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें प्रत्येक सरकारी शाळेस व्यवस्थापन समिति दिलेली आहे. तिच्यांत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. बहुतेक ठिकाणीं ती सहीपुरतीच बसते. या समित्यांनीं पुढच्या बैठकींत एका कागदावर लिहावें: शाळा फाट्यापासून किती अंतरावर, पावसांत ओढा किती दिवस अडवितो, मुलें किती व कोणत्या बोलीचीं, खोली कोणाच्या घरीं व काय भाड्यानें मिळेल, गेल्या दहा वर्षांत किती मास्तर आले व प्रत्येक जण किती दिवस राहिला. खालीं आईबापांच्या सह्या असाव्यात. कागद गटशिक्षणाधिकाऱ्याकडे द्यावा व पोंच घ्यावी. एक नक्कल आमच्याकडे पाठवावी. गांवाच्या नांवासह, जागा असेल तशी, आम्ही ती छापीत जाऊं.